उंडीखालचा खळगा

कांदळवाडी, रत्नागिरी
गुरुवार, ३ ऑगस्ट २००६

प्रिय सावनी,

जुनी माणसं 'पत्रास कारण की' असं दुसऱ्याच ओळीत लिहून मोकळी व्हायची. मला ते आज साधत नाहीये. सकाळपासून हा तिसरा कागद. पहिला फाडला. दुसऱ्यावर तुझ्या आईने शेवग्याचा पाला निवडला आणि वर विचारलं, "अहो, लेकीला लिहिताय की सरकारला?" मी म्हटलं, सरकारला लिहिणं सोपं, तिथे कोणी वाचत नाही. तेव्हा कारण शेवटी येईल. आधी तू मागवलेली माहिती. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी विनोद करून सुटतो हे तुला ठाऊक आहे, आणि मला तर जरा जास्तच ठाऊक आहे.

अठरा जूनला, रविवारी, तुझा फोन आला. काय आनंदात होतीस! ऑफिसने पहिल्यांदाच एक अख्खं काम तुझ्या एकटीच्या नावावर दिलं, आणि तेही आपल्याच वाडीतलं, आपल्या दगडी गडग्याला लागून खाली खाजणाच्या दलदलीपर्यंत उतरणाऱ्या जमिनीवरचं. बावीस खोल्यांचं हॉटेल, खाडीकडे तोंड करून. "बाबा, तुम्ही तिथेच आहात तर तीन गोष्टी काढून द्या," म्हणालीस. किनाऱ्याचा नियम काय आहे तो, सरकारी नकाशाची शिक्क्याची प्रत, आणि भरतीची रेषा आपल्या वाडीत नेमकी कुठून जाते ते. अकरा ऑगस्टला तुला आराखड्यावर सही करून तो दाखल करायचा आहे. मी छाती काढून म्हटलं, दोन दिवसांत देतो. ह्या गोष्टीला आता दीड महिना झाला.

पहिले दहा दिवस मी पायांनी शोध केला. शाळा सुटली की छत्री घेऊन निघायचो. एका कचेरीत म्हणाले, आम्ही जमीन बघतो. जिथे पाणी चढतं ती जमीन नव्हे. दुसरीत म्हणाले, आम्ही पाणी बघतो. जिथून पाणी उतरतं ते पाणी नव्हे. मी विचारलं, मग मधला चिखल कुणाचा? तिथल्या साहेबांनी पंखा एक घर वाढवला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही ओहोटीला या." तिसऱ्या कचेरीत झाडं बघतात. कांदळ आमच्या अखत्यारीत येतो, ते म्हणाले, पण नोंदीत असला तर. नोंद कुठे होते? तर पहिल्या कचेरीत, जी पाणी चढतं तिकडे बघत नाही. कांदळ बिचारा रोज दोनदा गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि आपण कुणाच्या वहीत आहोत याची वाट बघतो. मी घरी येऊन हे आईला रंगवून सांगायचो, साप्ताहिकातल्या माझ्या सदरात त्यावर एक लेखही ठोकून दिला. लोक हसले. एका कचेरीतल्या शिपायाने तर मला चहा पाजला आणि "आमच्या साहेबांवर अजून थोडं लिवा" म्हणाला. मी खुशीत होतो, सावनी. दुसऱ्याच्या चुका शोधताना मला कधीच थकवा येत नाही.

नियम अखेर चौथ्या ठिकाणी सापडला. एक्क्याण्णव सालचं इंग्रजी राजपत्र, त्यावर मागाहून झालेल्या दुरुस्त्यांची चळत, सगळं झेरॉक्सची झेरॉक्स, आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ कापलेली. देणारा म्हणाला, शेवटच्या ओळीत काही विशेष नसतं. तीन संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसलो. आपल्यापुरता त्याचा सारांश असा: उधाणाच्या भरतीत पाणी जमिनीवर जिथवर पोचतं, ती भरतीरेषा. खाडीकाठी तिथून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम नको. खाडी त्याहून अरुंद असेल तर तिच्या रुंदीइतकं अंतर. आपली खाडी अरुंद नाही, तेव्हा आपल्याला शंभर. आणि कांदळ जिथे आहे तिथे तर हातच लावायचा नाही. कांदळाबद्दल मुंबईच्या न्यायालयाचाही आदेश गेल्या वर्षी झालाय, ते कात्रण सोबत आहे.

ही व्याख्या वाचून मी एकटाच हसलो. दिल्लीत ज्याला एवढा कागद लागला, ते आपल्या वाडीने एका धोंड्यात बसवलं होतं.

नारळाचा धोंडा. तुला तो त्याच्या जुन्या जागी आठवत असणार. आपल्या गडग्याच्या खाली उंडीचं झाड आहे, त्याच्या मुळाशी होता. नारळी पौर्णिमेचा नियम एकच होता: पाणी धोंड्याला लागलं की नारळ सोडायचा, तोवर नाही. वर्षभरात मोठ्या उधाणाच्या दोन-चार दिवशीच पाणी तिथवर चढायचं. माझे आजोबा पंचांग बघायचे नाहीत, सकाळी उंडीखाली जाऊन बसायचे. पाणी कांदळातून सरसरत यायचं, आधी खेकड्यांची बिळं भरायची, मग धोंड्याचा पाय भिजायचा, आणि मग आजोबा उठायचे. कुणी जन्मला, कुणी मेला, तरी धोंडा हलला नाही. तो हलला एका माणसाच्या चपलांमुळे.

हा किस्सा तू होस्टेलवर मैत्रिणींना रंगवून सांगायचीस, म्हणजे मीच तुला तसा शिकवला होता. सत्त्याण्णव साली मुंबईचे पाहुणे नारळ सोडायला येणार होते. भरती पावणेबाराची. पाहुणे आले साडेतीनला. तोवर पाणी धोंडा सोडून पार खाली गेलेलं, मधे साठ पावलं चिखल, आणि पाहुण्यांच्या पायात पांढऱ्या चपला. नारळ सोडणार कसा? शेवटी घागरभर पाणी आणून धोंड्यावर ओतलं आणि 'पाणी लागलं' असं समजून घेतलं. पुढच्या वर्षीच्या तयारीची बैठक आपल्या पडवीत झाली. मी कमिटीचा सेक्रेटरी. कुणी म्हणे पाहुण्यांना गाडी पाठवू, कुणी म्हणे आदल्या दिवशीच आणून ठेवू. मी म्हटलं, पाहुण्यांना लवकर आणणं आपल्या हातात नाही. धोंडा खाली नेणं आहे. खो खो हसले सगळे. मग हसणं थांबलं आणि एक जण म्हणाला, "कल्पना वाईट नाही." माझा विनोद माझ्याच अक्षरात ठरावाच्या वहीत गेला. आठ जणांनी दोरखंड लावून धोंडा उपटला, साठ पावलं खाली नेला, तिथे सिमेंटचा ओटा बांधून त्यात बसवला, म्हणजे पाहुणे तीन तास उशिरा आले तरी पाणी हजर. ओट्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर कमिटीची नावं. सेक्रेटरीचं दुसरं.

आणि अठ्ठ्याण्णवला पाहुणे वेळेवर आले! कोकणच्या इतिहासात हा अपघात एकदाच घडला असेल. भर भरतीला ओटा कमरेइतक्या पाण्याखाली, हारांचं टेबल तरंगत कांदळात अडकलेलं, आणि पाणी मात्र नेहमीसारखं वर उंडीखालच्या त्या रिकाम्या खळग्यात जाऊन बसलेलं, जसं काही घडलंच नाही. पाहुण्यांनी शेवटी उंडीखालीच नारळ सोडला. तू सोळा वर्षांची होतीस, गडग्यावर बसून पोट धरून हसत होतीस. ते हसणं लक्षात ठेव. म्हणजे त्या दिवशी सगळ्या वाडीने, तुला-मला धरून, डोळ्यांनी बघितलं होतं की पाणी कुठवर येतं.

इथे लेखणी ठेवून खाली जाऊन आलो. आज नवमी, भांगाचं पाणी. उधाणाचं पाणी जसं अंगावर येतं तसं भांगाचं नसतं. येतं, पण ओट्यापर्यंतही न पोचता आळसावून परत फिरतं. शिंपल्या विकून घर चालवणारी मैना चिखलात बसून तिसऱ्या काढत होती. तिच्या संगती आणखी तिघी. उंडी आणि ओटा यांच्यामधला तो चिखल आणि कांदळ, तेवढंच त्यांचं शेत. तू एकशिपी म्हणून ज्या तिसऱ्या बोटं चाटून खायचीस, त्या सगळ्या तिथल्या. तू पाठवलेल्या आराखड्यात त्या जागेवर 'पार्किंग व हिरवळ' असं लिहिलंयस. अक्षर सुरेख आहे.

तर, पायांचा शोध संपल्यावर मी कायद्याचा धरला. माहितीचा अधिकार नवा नवा आहे, वापरून बघावा म्हटलं. अठ्ठावीस जूनला स्टॅम्प चिकटवून अर्ज दिला: कांदळवाडीच्या भरतीरेषेच्या नकाशाची प्रत मिळावी. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, समक्ष यावे. सोमवारी गेलो. रेकॉर्डच्या खोलीत गुरुप्रसाद भेटला, तुझ्या पुढच्या वर्गातला, पाढे म्हणताना डोळे मिटणारा. आता चष्मा लागलाय, पोटही सुटलंय, पण मला बघून उभा राहिला आणि हातातला वडा ड्रॉवरमध्ये ठेवला. "सर, तुमचा अर्ज मीच बाजूला काढून ठेवला होता," म्हणाला. मला वाटलं, आदरापोटी.

लाल फडक्यातून त्याने नकाशा काढून टेबलावर पसरला. आपली वाडी तळहाताएवढी. तांबड्या शाईची भरतीरेषा खाडीच्या काठाने झोकात येते आणि आपल्या वाडीपाशी खाली झुकून बरोबर ओट्याच्या पोटातून जाते. उंडीपासून ओट्यापर्यंतच्या साठ पावलांवर कांदळाचं चिन्ह नाही. तिथे लिहिलंय 'पडीक'. म्हणजे सरकारच्या लेखी ती कोरडी जमीन, पाण्याच्या वर. मी म्हटलं, गुरुप्रसाद, हे चुकलंय रे, कुठल्या गाढवाने ही रेषा काढली? मग नकाशाला टाचलेलं एक टिपण त्याने माझ्याकडे सरकवलं. मे नव्याण्णवची पाहणी. 'स्थानिक जाणकारांनी दाखवलेल्या पारंपरिक खुणेवरून रेषा निश्चित केली.' खाली जाणकाराचं नाव, हुद्दा शिक्षक, आणि सही. त्या सहीतल्या 'श्री'चा फराटा मी चौतीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर ओढत आलोय. गुरुप्रसादच्या सात प्रगतिपुस्तकांवर तो आहे.

"सर," तो हळूच म्हणाला, "तुमच्या अर्जात नकाशा मागितलाय. टिपण मागितलेलं नाही. न मागितलेलं आम्ही देत नाही, आणि न दिलेलं कोणी वाचत नाही." त्याने नकाशाच्या प्रतीवर शिक्का मारला, सही केली, आणि टिपण पुन्हा फडक्यात बांधून टाकलं. सावनी, ही माझ्या शिकवण्याची गुरुदक्षिणा. मी ती घेतली. त्याच्या पाठीवर थाप मारली, एसटी पकडली आणि घरी आलो. शिक्क्याची प्रत ह्या पाकिटात आहे. तू मागितलेल्या तिन्ही गोष्टी आता तुझ्याकडे आहेत, आणि त्यांत कायद्याने काहीही खोट नाही. नकाशा सरकारी, शिक्का सरकारी, रेषा सरकारी. तू डोळे मिटून सही करू शकतेस. खोटा त्यात फक्त एक माणूस आहे, आणि त्याचं नाव नकाशावर नाही, टिपणात आहे.

मंगळवारी मला बसवेना. वर्गात मुलांना निबंध घातला आणि तासभर व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. घरी येऊन टेप काढली. आईने विचारलं, काय मोजताय? म्हटलं, वय. उंडीखालच्या खळग्यापासून तुझ्या खोलीची भिंत पंचाहत्तर मीटर. ओट्यापासून एकशे वीस.

आता तुला कळलं असेल. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तू अकरावीतून बारावीत गेलीस. आर्किटेक्ट व्हायचंय म्हणालीस. ओटीवर पाहुणे, माजघरात आजी, तुला चित्रं काढायला जागा नव्हती. मागे एक खोली काढायची, उत्तरेकडून उजेड, खिडकीत उतरतं टेबल, असं मी ठरवलं. परवानगीला गेलो तर ग्रामसेवक म्हणाला, "किनाऱ्याचा नियम आलाय, मास्तर. तुमची रेषा अजून ठरायची आहे, माणसं मोजायला येणार आहेत, तोवर थांबा." आणि आठ दिवसांत ती माणसं आली. तिघे जण, दुर्बिणीचं तिकाटणं घेऊन, टळटळीत दुपारी. त्या दिवशीही भांगच होतं, पाणी लांब खाली. मी त्यांना पडवीत बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. साहेब तरुण होता, घामेजलेला. त्याने विचारलं, "इथे सगळ्यांत वर पाणी कुठे येतं?" मी त्याला ओट्यावर नेलं आणि म्हटलं, "हा नारळाचा धोंडा. पुनवेला पाणी ह्याला लागतं. पिढ्यान्‌पिढ्या." बघ, एकेक शब्द खरा आहे. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

मैना तिथेच होती, टोपली घेऊन वर येत होती. ती थांबली आणि म्हणाली, "गुर्जी, धोंडा आदी वर व्हता की, उंडीखाली. पानी काय धोंडा बगून थांबतंय?" साहेबाने मान वर केली. मी म्हटलं, "मैना, तू तुझ्या कामाला जा. साहेबांना गडबड आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा नवरा बुडाला तेव्हा मी तिचे सगळे अर्ज लिहून दिले होते, तेव्हा तिने माझ्याकडे असंच बघितलं होतं. फरक इतकाच की तेव्हा तिला माझा भरवसा होता. ती गेली. साहेबाने विचारलं, "काय म्हणत होती ती बाई?" आणि मी, जो वाडीत तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, ज्याने आयुष्यभर बोलणाऱ्यांची बाजू घेतल्याचं सदरात छापून आणलंय, मी म्हटलं, "काही नाही. ऊन लागलंय तिला."

पुढच्या महिन्यात परवानगी मिळाली. दिवाळीपर्यंत खोली उभी. त्या टेबलावर तू प्रवेशपरीक्षेची चित्रं काढलीस आणि जिंकलीस. मी खोलीकडे बघून कधी शरमलो नाही, खोटं कशाला बोलू? विसरून गेलो. तू फोनवर 'भरतीची रेषा कुठे ते काढून द्या' म्हणालीस तेव्हाही आठवलं नाही. दीड महिना रत्नागिरीभर छत्री घेऊन मी ज्या गाढवाला शोधत होतो, तो सकाळी माझ्याच आरशात दाढी करत होता.

मंगळवारी संध्याकाळी मैनाच्या घरी गेलो. ती दारात बसून शिंपले फोडत होती. मी विचारलं, तुला आठवतं का, ते मोजणीवाले आले होते? ती सुरी न थांबवता म्हणाली, "आठवतंय तर. त्या दिसापास्नं मी सायबांफुडं त्वांड उगडत नाय." मी उभाच होतो. तिने बस म्हटलं नाही. मग मी विचारलं, पुन्हा कोणी मोजायला आलं, तर पाणी कुठवर येतं ते सांगशील? तिने एक शिंपला फोडला, आतलं ताटलीत टाकलं, आणि म्हणाली, "तुमी गप ऱ्हानार असाल तर सांगंन."

काल, बुधवारी, मी शाळेत रजा टाकून पुन्हा रेकॉर्डच्या खोलीत गेलो. टिपणाची प्रत मागितली. गुरुप्रसाद म्हणाला, "सर, कशाला?" मी त्याला माझा लेखी जबाब दिला. मे नव्याण्णवमध्ये पाहणी पथकाला मी जी खूण दाखवली ती हलवलेली होती, हलवली गेली आहे हे मला माहीत होतं, मूळ जागा अमुक ठिकाणी, फेरपाहणी नारळी पौर्णिमेच्या भरतीला व्हावी, आणि माझ्या मागच्या खोलीची परवानगी याच चुकीच्या रेषेवर घेतलेली आहे. शेवटच्या वाक्यात खाडाखोड झालीय. गुरुप्रसादने दोनदा वाचलं. मग उठून वरच्या साहेबांकडे गेला, अर्ध्या तासाने परत आला आणि म्हणाला, "पुढच्या बुधवारी माणूस येईल, सर. मी पण येईन." पोचपावतीवर त्याने शिक्का इतका जोरात मारला की टेबलावरचा पेपरवेट उडाला. पोचपावतीच्या आणि टिपणाच्या प्रती पाकिटात आहेत, शिक्क्याच्या नकाशाच्या खाली. मुद्दाम खाली ठेवल्यात. नकाशा पुरेसा वाटला तर खालचे कागद तुला काढावेही लागणार नाहीत.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती पाला निवडत होती, तेव्हाच. आधी म्हणाली, "मग खोली पाडायला लावतील?" मी म्हटलं, लावतील कदाचित. "मग सावनी आली की झोपेल कुठे?" तिने काड्या गोळा केल्या, चुलीपाशी टाकल्या आणि आतून म्हणाली, "ओटीवर झोपेल. आधी झोपायचीच की."

आता पत्रास कारण की. तुझ्या हातात आज दोन रेषा आहेत, एक शिक्क्याची आणि एक पाण्याची. शिक्क्याची घेतलीस तर अकरा तारखेला तुझी सही होईल, हॉटेल उभं राहील, आणि तुला कोणी काही विचारणार नाही. माझा जबाब कुठल्या तरी फडक्यात बांधला जाईल, निदान तुझं काम होईपर्यंत. पाण्याची घेतलीस तर पहिलंच काम हातचं जाईल, आणि त्या कामाच्या मालकाला 'तुमची हिरवळ पाण्याखाली आहे' हे तुला तोंडावर सांगावं लागेल, जे माझ्या पिढीला कोणी शिकवलं नाही. मी तुला काय कर ते सांगणार नाही. एकदा रेषा दाखवली तेवढी पुरे. फक्त एक मागतो. येत्या बुधवारी नारळी पौर्णिमा. भरती बाराच्या सुमाराला. मंगळवारच्या रात्रीच्या गाडीने निघालीस तर सकाळी पोचतेस. ऑफिसची मोजायची फीत आण, नाहीतर नको आणू. अनवाणी उंडीखाली येऊन उभी राहा. खळगा अजून आहे, पालापाचोळ्याने भरलाय, तो मी आज उकरून ठेवलाय. पाणी कांदळातून वर येताना खेकड्यांची बिळं आधी भरतील, मग तुझे पाय भिजतील. कुठवर येतं ते मैना सांगेल, मोजणीचा माणूस लिहून घेईल, आणि तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मी तिच्या मागे उभा असेन, तोंड मिटून.

तुझाच,
बाबा